दुपारी बांग देणारी कोंबडी

माय, तुझी ती कोंबडी आजारी होती. एवढं सांगायलाच लिहायला बसले, आणि हे वाक्य लिहून झालं तेव्हा खरं तर पेन खाली ठेवायला हरकत नव्हती. पण मी तुझीच लेक, अर्धं बोलून गप्प बसणं आपल्या घरात कुणालाच जमलेलं नाही. तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते. आता तू जगलीस त्याच्या कितीतरी पुढे निघून आले आहे, माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे आहेत, आणि तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो. शाळेतून आणलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांवर लिहिते आहे. शाळेची वस्तू घरी वापरली म्हणून रागावू नकोस, दुसरा कागद हाताशी नव्हता. बाहेर ऊन असं आहे की गल्लीत कुत्रंही दिसत नाही. बाबा आतल्या खोलीत झोपले आहेत.

ती दुपारही अशीच होती. नांदगाव खंडेश्वरजवळचं आपलं गाव, वैशाखाचे दिवस, सगळी गल्ली दारं लोटून पडलेली. तू ओसरीत गहू पाखडते आहेस, मी पुस्तक तोंडावर घेऊन झोपेचं सोंग करते आहे. आणि अंगणातून बांग येते. आपल्याकडे कोंबडा नव्हता. आवाजाची सुरुवात कोंबड्यासारखी होती आणि शेवट कुणीतरी मध्येच गळा धरल्यासारखा. तू सूप खाली ठेवतेस, आपण दोघी दारात येतो. कुडाच्या भिंतीवर, भर उन्हात, तू नुकतीच बाजारातून आणलेली तांबडी तलंग उभी आहे, अजून अंड्यावरही न आलेली. मान आभाळाकडे ताणलेली, चोच उघडी, डोळे मिटलेले. तिनं आपल्यादेखत पुन्हा बांग दिली. बाकीच्या कोंबड्या सावलीत एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि त्यातली एकही आवाज करत नव्हती. अंगणात दुसरं काहीही घडलेलं नव्हतं, तरी मी तुझ्या पाठीआड सरकले.

मोठीमाय, तुझी थोरली जाऊ, शेजारच्या दारातून डोक्यावर पदर धरत धावत आली. कोंबडीनं बांग दिली की त्या घरातलं एक माणूस जातं आणि म्हणून तिला त्याच दिवशी कापायची, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. "पाहून काय राहिली वो? दिवस बुडाच्या आत काप तिले," मोठीमाय म्हणाली.

"ते आमी सोडलं बाई," तू म्हणालीस.

"सोडलं त सोडलं! मानसावर बेतलं मंग?"

"मामाजीनं दीक्षा घेतली त्या दिवशीच सोडलं. देव सोडले, अंगारे सोडले, आन आता कोंबडीले भेऊ काय?"

गल्ली सगळी आपलीच होती, आजोबांबरोबर दीक्षा घेतलेली. पौर्णिमेला विहारात पांढरी साडी नेसून तू वंदना घ्यायचीस आणि बाकीच्या बाया तुझ्यामागून म्हणायच्या. देव प्रत्येक घरातून गेले होते, पण भीती कुठल्यातरी फडताळात मागे राहिलेली होती, आणि ती त्या दुपारी बाहेर आली. संध्याकाळी बाबाही ताटावर बसेनात. "काप म्हनतो त काप. एका कोंबडीचं काय एवढं?" असं त्यांचं चाललेलं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "कोंबडीचं नाईच हाये ते. आज कोंबडी कापली, उद्या मांजर आडवं गेलं म्हनून पोरीले परीक्षेले जाऊ नाई देनार तुमी." मला तुझा इतका अभिमान वाटला होता, माय, की तो अजून जसाच्या तसा आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी अंधश्रद्धेचा धडा आला की मी मुलांना ही गोष्ट सांगते, तुझ्या भाकरी थापण्यापर्यंत. त्याच्या पुढचं सांगत नाही.

पुढचं असं, की आधी आपल्या कोंबड्या गेल्या. नाकातून पाणी, डोळ्यांना फेस, छातीत घरघर. मान ताणून श्वास ओढायच्या आणि सकाळी खुराड्यात आडव्या सापडायच्या. तू कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दिलीस, तर धुरानं त्या आणखीच गुदमरल्या. मग मोठीमायच्या गेल्या, मग त्यापलीकडच्या घरातल्या, कारण सगळ्या गल्लीच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरणाऱ्या. कुणी तुझ्या तोंडावर काही बोललं असतं तर तू दोन शब्द ऐकवले असतेस. कुणी बोललंच नाही. विहारात तुझ्यामागून येणारे आवाज तेवढे कमी झाले. आणि जिनं बांग दिली ती तांबडी मात्र मेली नाही. चार दिवस मलूल होती, मग टवटवीत झाली. कोंबड्यांविना ओस पडलेल्या त्या गल्लीत ती एकटी फिरायची. कुणाच्याही उंबऱ्याशी जाऊन उभी राहायची आणि बाया तिला हाकलायच्याही नाहीत, हळूच दार लावून घ्यायच्या.

पावसाळा सरता सरता तुला कावीळ झाली. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात, खिडकीशेजारच्या खाटेवर, हळदीसारखे डोळे घेऊन तू पडली होतीस. एका दुपारी मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "ते कोंबडी हाये काय अजून?" मी म्हणाले, "हाये." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं झोप लागली. त्याच आठवड्यात तू गेलीस. काविळीचा आणि कोंबडीचा काडीचाही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तू ते जिंकल्यासारखं विचारलंस की भ्यालीस म्हणून विचारलंस, हे मला कधी कळलं नाही. आयुष्यभर मी तेवढंच घेऊन बसले आहे. तू जर शेवटच्या दिवसांत त्या कोंबडीला भ्याली असशील, एकटीच, कुणाला न सांगता, तर मला ते सहन होत नाही.

आता इथलं सांगते. मी बडनेऱ्याला घर बांधलं, मागे मोकळी जागा आहे. तुझे जावई भुसावळला नोकरीला, शनिवारी येतात. बाबांना दमा आहे, खोलीत वाफेचं मशीन आहे, दिवसातून दोनदा ते तोंडाला लावावं लागतं. गावातून आणल्यापासून ते बोलेनासे झाले होते. विचारलं तर म्हणायचे, "घरात आवाजच नाई वो बाई." टीव्ही लावून दिला तर बंद करायचे. मग एकदा त्यांनीच सांगितलं की कोंबड्या पाळू. मोटरसायकलवर विकायला येणाऱ्याकडून आधी दोन घेतल्या, त्या छान रुळल्या, आणि बाबा त्यांच्याशी बोलायला लागले. माझ्याशी बोलत नव्हते तेवढं कोंबड्यांशी. मी खूश होऊन परतवाड्याच्या बाजारातून आणखी तीन आणल्या. नवी कोंबडी घरात आली की तिला चुलीभोवती फिरवायची म्हणजे ती घर सोडून जात नाही, हे तू मात्र सोडलेलं नव्हतंस बरं का, मला चांगलं आठवतं. बाबांनाही आठवत होतं. पण आमच्याकडे चूल कुठली, आणि गॅसचा ओटा भिंतीला लागलेला. शेवटी बाबांनी तिन्ही कोंबड्या सिलेंडरभोवती फिरवल्या, एकेक करून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मी हसून हसून दमले. आणि त्याच हसण्याच्या भरात नव्या कोंबड्या जुन्यांमध्ये सोडून दिल्या. वर्गात फळ्यावर संसर्ग कसा पसरतो याची आकृती काढणारी मी.

थोड्याच दिवसांत शिंका सुरू झाल्या. कोंबडी शिंकते ते ऐकायला गंमत वाटते, लहान मूल शिंकल्यासारखं. मग डोळे सुजले, मग ती घरघर. मी खुराड्याजवळ गेले की पाचही जणी माझ्याकडे न पाहता एकाच दिशेला तोंड करून उभ्या असायच्या, घराच्या मागच्या दाराकडे, आणि त्यांच्या छातीतून भात शिजत असावा तसा आवाज येत असायचा. आधी मनात बर्ड फ्लू आला. गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण, माझी विद्यार्थिनी शोभेल अशी पोरगी, घरी येऊन बघून गेली. ती म्हणाली, "मॅडम, नव्या कोंबड्या महिनाभर तरी वेगळ्या ठेवायच्या असतात. तुमी सायन्स शिकवता न?" तिनं पाण्यातून द्यायचं औषध दिलं, खुराड्याचं तोंड मोकळं करून वारा येईल असं केलं, धूळ होणारा भुसा काढायला सांगितला. आणि धुरी अजिबात नको, म्हणाली. बाबांचा चेहरा पडला, कारण कडुलिंबाचा पाला त्यांनी आधीच तोडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जावई दुपारच्या गाडीनं गेलेले. वीज गेली आणि गल्लीतले सगळे कूलर एकदम थांबले. तू कूलर पाहिले नाहीस, पण ते थांबल्यावर जी शांतता होते ती तुला ठाऊक आहे, ती आपल्या गावातली जुनीच शांतता असते. त्या शांततेत मागून बांग आली. सुरुवात कोंबड्याची आणि शेवट गळा धरल्यासारखा. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात विज्ञान वगैरे काही आलं नाही. मला ओसरीत सूप ठेवल्याचा आवाज आला. मागे गेले तर परतवाड्याहून आणलेली ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी पाण्याच्या टाकीवर चढून उभी, मान वर, चोच उघडी, डोळे मिटलेले. बाकीच्या भिंतीशी चिकटून गप्प.

वळून पाहिलं तर बाबा दारात. त्यांना काठीशिवाय उभं राहता येत नाही आणि काठी हातात नव्हती.

"बांग देल्ली," ते म्हणाले.

"आजारी आहे ती बाबा. चला आत."

"माह्यासाठीच असन," ते म्हणाले, पाऊस येईल म्हणावं इतक्या साध्या आवाजात. "असू दे. कापू नको तिले. तुह्या मायनं कापली नव्हती."

मग भिंतीला धरून आत गेले आणि झोपले. मी मात्र त्या क्षणापासून त्यांच्या प्रत्येक खोकल्याला दचकायला लागले. माझं आता तेवढंच एक माणूस उरलं आहे, तुला पाहिलेलं.

मंगळवारी जुन्यांपैकी एक मेली. डॉक्टरीण म्हणाली, नक्की काय आहे ते बघायचं तर अकोल्याला न्या, तिथे उघडून तपासतात. म्हणून शाळेला दांडी मारून, थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात कोंबडी, डबा मांडीवर, अशी मी गाडीत बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत शेजारची बाई डब्याकडे पाहत होती. शेवटी राहवलं नाही तिला. "केक हाये काय?" मी हो म्हणाले. "कोनाचा वाढदिवस?" मी म्हणाले, वडिलांचा. का म्हणाले ते मलाही कळलं नाही. मी डबा मांडीवरून पायाशी ठेवला आणि अकोल्यापर्यंत त्याला हात लावला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी कात्रीनं कोंबडीची श्वासनळी उभी कापली आणि मला बोलावून दाखवली. आत तांबूस पिवळी गाठ होती, भांड्याला धरलेल्या खरवडीसारखी, आणि हवेला जायला सुईएवढी वाट. विषाणूचा रोग आहे, ते म्हणाले, श्वासनळीचा, माणसाला होत नाही. कोंबडी सगळ्या ताकदीनं मान ताणून हवा ओढते तेव्हा मोठा आवाज निघतो. मी विचारलं, "बांग दिल्यासारखा?" ते हसले. "तेच म्हणतात लोक. खेड्यात अपशकुन म्हणून लगेच कापून टाकतात. कापतात ते बरंच करतात म्हणा, तिथल्या तिथे साथ थांबते. जगली तर ती वरून ठणठणीत दिसते, पण रोग अंगात राहतो आणि दुसऱ्यांना देत फिरते."

ते हात धुवायला गेले. मी तिथेच उभी राहिले. माय, हे तुला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. त्या दिवशी तू तिला कापलं असतंस तर गल्लीतल्या कोंबड्या कदाचित वाचल्या असत्या. मोठीमाय चुकीच्या कारणानं बरोबर होती आणि तू बरोबर कारणानं चुकलीस. मला त्या डॉक्टरांचा राग आला, मोठीमायचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या जुन्या भीतीचा आला, की तिनं असं फुकटात जिंकावं. पण त्याबरोबर एक मोकळा श्वासही आला. आपली तांबडी बांग देत नव्हती. तिला श्वास मिळत नव्हता. त्या पोरीनं कुणाचं मरण सांगितलं नव्हतं, ती स्वतःचं टाळत होती, आणि आपण सगळे तिच्याकडे पाहत उभे होतो.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. पाण्याच्या नळीत कापूस घालून दाखवला, शाळेत दाखवते तसा. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "तुही माय गेल्यावर ते म्या शेतात नेली होती, मालूम हाये काय तुले? तुह्या मायची तांबडी. कापवली नाई माह्यानं. झोपडीत ठेवली. लय वर्स जगली ते." मी विचारलं, ती तिथेही ओरडायची का. बाबांनी नळीतला कापूस ओढून बाहेर काढला. "मी शेतात एकटाच राहो. बेतलं त माह्यावर बेतन," एवढंच म्हणाले.

आमच्या उरलेल्या चारही सुधारल्या. कवडीचे डोळे उघडले, नाक कोरडं झालं, घरघर गेली. डॉक्टरीण येऊन छातीला कान लावून गेली, साफ आहे म्हणाली. आता या कोंबड्या कुणाला द्यायच्या नाहीत, नव्या आणायच्या नाहीत, त्यांच्यात जायच्या चपला वेगळ्या, आणि म्हातारपण त्यांनी इथेच काढायचं असं ठरलं. बाबा पुन्हा त्यांच्याशी बोलतात. सगळं बरं आहे. आणि त्या सगळ्या बऱ्यात, मागच्या आठवड्यात, भर दुपारी कवडीनं बांग दिली. या वेळी मध्येच गळा धरल्यासारखी नव्हती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ होती. बाबा ताट समोर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता त बरी हाये न ते?"

"हो."

"मंग आता काहून देते?"

मी डॉक्टरणीला फोन केला. होतं कधी कधी, ती म्हणाली, कळपात कोंबडा नसला आणि अंगातली काही द्रव्यं कमीजास्त झाली की एखादी कोंबडी तसं करते, मनावर घेऊ नका. मी बाबांना तसंच समजावलं. समजावताना माझा आवाज अगदी वर्गातला होता. ते हो हो म्हणाले आणि भाकरी मोडली. तेव्हापासून ती रोज देते, साधारण याच वेळेला. तिला कापायचं माझ्या मनात येत नाही, आणि आलं तरी मी ते करणार नाही. तू केलं नाहीस, आणि तू का केलं नाहीस ते मला पुरतं ठाऊक आहे.

पण ती बांग देते तेव्हा मी कोंबडीकडे जात नाही. आधी बाबांच्या खोलीच्या दारात जाते आणि त्यांच्या बनियनकडे बघत उभी राहते, ते वरखाली होतंय का म्हणून. माझ्या वर्गातल्या मुलांना, तुझ्या जावयांनाही हे ठाऊक नाही. काल अशीच उभी होते, तर बाबा डोळे न उघडता म्हणाले, "जित्ता हावो. जाय." म्हणजे तेही जागे असतात. तेही ऐकत पडलेले असतात, आणि मी येते की नाही याची वाट बघतात. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणूनच लिहिता येतंय. तू त्या खाटेवर भ्यालीस की नाही हे मी आता विचारत नाही, माय. मी भिते.